पाठ येतो, पाणी मागता येत नाही

२५ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ११.१०

वेळ नक्की आहे. तक्रार लिहायची तर तारीख-वेळ आधी, हे कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी हातावर पट्टी मारून शिकवलं. अकरा दहाला मी गच्चीवर शेवंतीला काड्यांचा आधार बांधत होते. खाली दार वाजलं ते ऐकू आलं नाही. नीलम आली होती, यांना बोलायला शिकवणारी. नदीपलीकडच्या रामनगरहून येते, पुढे गल्ल्यांतून पायी. दार भाऊजींनी उघडलं. पंचगंगा घाटावरून गंगास्नान करून नुकतेच आलेले. "अब जरूरत नहीं. दादा पूरा पाठ बोल रहे हैं." आणि दार लावलं.

मला कळलं पावणेबाराला, नीलमच्या फोनवरून. नवरा माझा, आणि निर्णय खालच्या मजल्यावर.

संध्याकाळी

भाऊजी : "वहिनी, मी दादांना विचारलं होतं. त्यांनी मान हलवली."
मी त्यांच्यासमोरच यांना विचारलं, "तुम्ही हत्ती आहात का?" यांनी मान हलवली.
भा. म्हणाले, "तुमचं आपलं काहीतरीच," आणि उठून गेले.

२८ नोव्हेंबर, शुक्र.

नीलमचा वार. कोणी आलं नाही. यांनी अकरापासून दाराकडे पाहिलं. साडेबाराला भिंतीकडे तोंड केलं.

श्रावणात यांना पक्षाघाताचा झटका आला. पाय आधाराने उभं राहण्याइतके परत आले, जीभ नाही. पण आठव्या वर्षापासून पाठशाळेत घोकलेला वेद जसाच्या तसा, स्वरांसकट. नीलमने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "माताजी, रटा हुआ अलग खाने में रहता है, बात अलग खाने में." म्हणजे घोकलेल्याचा कप्पा वेगळा, बोलण्याचा वेगळा. डॉक्टर म्हणाले होते, पहिले सहा महिने महत्त्वाचे. चार गेले. इकडे मंगला गौरीच्या देवळापर्यंत बातमी, की शास्त्रीजी ठीक हो गये. दूधवाला हात जोडून जातो.

३० नोव्हेंबर, रवि.

मिहिरचा फोन, हैदराबादहून. "आई, काकाने व्हिडिओ पाठवला. बाबा तर एकदम फर्स्ट क्लास!"
"मग विचार त्यांना, जेवलात का."
विचारलं. बाबांनी संध्येचे मंत्र सुरू केले. मिहिर हसला, "बघ, मूडमध्ये आहेत."
मुलाला इंजिनियर केलं. ऐकायला शिकवायचं राहिलं.

३ डिसेंबर, बुध.

ऊन छान. यांना गच्चीवर खुर्चीत बसवलं. माझी रहस्यकथा तीन आठवडे एकशे बाराव्या पानावर अडकली आहे, खुनी कोण ते कळायच्या आत मीच जाईन. त्याऐवजी यांच्यासाठी प्रवासवर्णन मोठ्याने वाचते. नीलमने शिकवल्याप्रमाणे वाक्याच्या शेवटी थांबायचं, शब्द यांनी भरायचा. "नदीच्या काठी एक मोठं..." थांबले. यांनी डोळे मिटून सूक्त म्हटलं. अख्खं. एक चूक नाही. खालून भा. ओरडले, "वाह दादा!"

माकडांनी जाळी फाडली. मटारचा वेल गेला. शेवंती वाचली, तिची चव आवडत नसावी.

६ डिसेंबर, शनि.

लिहू नये असं वाटतं, म्हणून लिहिते.

पाठशाळेचा वार्षिक पाठ होता. भा. चार विद्यार्थी घेऊन आले. "वहिनी, दादा बसले की सभेला वजन येतं. दोन तासांचा तर प्रश्न." खुर्चीसकट उचलून नेलं, तिथे बैठकीवर बसवलं. मी मागून. बायका भिंतीपाशी, यांच्यापासून वीस हात लांब. यांनी दोन तास म्हटलं. खणखणीत. तरुण मुलं अडखळली, हे नाहीत. लोक पाया पडले, शाल घातली.

मी उठवायला गेले तेव्हा दिसलं. धोतर भिजलेलं, बैठक भिजलेली. किती वेळ, कोण जाणे. सगळ्या सभेला ऐकू जाईल असा आवाज, आणि 'मला उठवा' एवढं म्हणता येईना. शाल पुढे धरून घरी आणलं. अंघोळ घालताना माझ्याकडे पाहिलं नाही.

भा. जिन्यात : "वय झालं की होतं, वहिनी. मनाला लावून घेऊ नका."

७ डिसेंबर, रवि.

आज मीही शहाणपणा केला नाही. झाडांना पाणी घालायची झारी यांच्यापुढे धरून ओरडले, "हे काय आहे? सांगा! काय आहे?" यांच्या तोंडून "पा" आलं. मी थांबले. दोन मिनिटं, तीन मिनिटं. पुढे पाठ सुरू झाला. मी झारी आपटली. मग म्हणता म्हणताच त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि तोंड थांबेना.

झाडांना आज पाणी नाही.

९ डिसेंबर, मंगळ.

नीलमला फोन केला. "सोमवार दोपहर तक रुकूँगी, माताजी. फिर आपका टाइम दूसरे मरीज़ को देना पड़ेगा. और जिन्होंने दरवाज़ा बंद किया, बुलाएँ भी वही. मेरी भी कुछ इज़्ज़त है." बरोबर आहे तिचं. एवढ्या गल्ल्या तुडवून घरी येणारी दुसरी कोणी मिळत नाही, शोधून झालं. यांना आठवड्यातून दोनदा उचलून मोठ्या रस्त्यापर्यंत कोण नेणार?

भा.ना सांगितलं. "मी त्या बाईला फोन करू? आणि म्हणू काय, की दादांना बोलता येत नाही? काल लोकांनी पाय धरले त्यांचे!" काल नव्हे, शनिवारी. ते बाकीचं विसरले.

१२ डिसेंबर, शुक्र.

खालच्या दाराच्या फटीतून कागद सरकवला. नक्कल :

भाऊजी,

२५ नोव्हेंबरला सकाळी ११.१० वाजता तुम्ही नीलमला दारातून परत पाठवलंत. कोणाच्या सांगण्यावरून, ते लिहा. मान हलवली, हे उत्तर चालणार नाही. ६ तारखेला तुम्ही दोन तास त्यांच्या शेजारी मांडीला मांडी लावून बसला होतात. त्यांना काय हवं होतं ते तुम्हाला कळलं का, तेही लिहा.

आणि एकच आणखी. तुम्ही साठीचे झालात तरी दादा तुम्हाला 'बाळ्या' म्हणत. श्रावणापासून एकदा तरी म्हणाले का? मला नावाने ते कधीच हाक मारत नसत, 'अगं' म्हणत. तेही नाही. तुमचं 'हो' असेल तर मी गप्प बसेन, पुन्हा विषय काढणार नाही. 'नाही' असेल तर नीलमला फोन तुम्ही करायचा, तुमच्या तोंडाने.

उत्तर लेखी हवं. सोमवार, १५ डिसेंबर, दुपारी बाराच्या आत. जिन्यात उभं राहून बोललेलं धरलं जाणार नाही.