डाव्या बाजूचे ओरखडे

मंगळवार, २ जानेवारी

काल इथे चुकीचं लिहिलं. बाबांच्या व्हॅनला उजवीकडे ओरखडे आहेत म्हणे! जाहिरातीत गाडीचं तोंड दुसरीकडे हवं म्हणून मी फोटो कॉम्प्युटरवर उलटा फिरवला होता, आणि त्यावरूनच लिहून मोकळी झाले. ओरखडे डावीकडे आहेत. सगळेच.

बाकीचं खरं. शाळेत ने-आण करायला आणखी मुलं मिळावीत म्हणून बाबांना फोटो हवे होते. "शोरूमच्या गाड्यांचे फोटो रोज नटवतेस, आपल्या म्हातारीलाही जरा पावडर लाव की!" लावली. फोटोतले ओरखडे पुसले, पोचे घालवले, रंग उजळला.

बुधवार, ३ जानेवारी

जेवणाच्या सुट्टीत मूळ फोटो मोठे करून पाहिले. दार, मडगार्ड, आरसा — डावीकडचंच. उजवी बाजू कोरी. काही ओरखड्यांत गंजही नाही, म्हणजे ताजे. बाबा म्हणतात, "लोकांना गाडी लावायची अक्कल नाही." पण सगळे लोक एकाच बाजूला घासतात?

रात्री जेवताना मी पाण्याचा पेला मुद्दाम त्यांच्या डावीकडे ठेवला. त्यांनी उजवीकडे चाचपलं. "अगं, पाणी कुठाय?"

पेला हाताशीच होता.

गुरुवार, ४ जानेवारी

आईला विचारलं, बाबांना डावीकडचं दिसत नाही का? ती ओले कपडे झटकत राहिली. मग म्हणाली, "तुला आत्ता दिसलं होय?"

वर्षभर ती मुलांना सांभाळायला म्हणून व्हॅनमधून जाते. खरं तर बाबांच्या डावीकडे बसून सांगत असते — सायकल आली, खांब आहे, थांबा. बाबांना वाटतं, हिला बडबडायची सवयच!

"आणि डॉक्टर?"

"त्यांनी गाडी बंद करा म्हटलं तर? घरात बसून खचतील गं. तुला शिकवलं ते याच गाडीवर."

टोचून नाही म्हणाली. म्हणूनच जास्त लागलं. घरात शिकलेली मी पहिली. आणि शिकून केलं काय, तर ओरखडे पुसले.

शुक्रवार, ५ जानेवारी

बाबांनी माझे फोटो पालकांना पाठवले. एका मुलीच्या आईचं उत्तर मला मोठ्याने वाचायला लावलं — "गाडी इतकी जपता, म्हणजे मुलांची काळजीच नको." तिची दोन्ही मुलं सोमवारपासून येणार. बाबा किती खूश! "आमच्या साहेबीणबाईंची कमाल!"

मी हसले. मग मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

शनिवार, ६ जानेवारी

मावशीचं ऑपरेशन आहे. आई उद्या संध्याकाळी तिच्याकडे निघते. बॅग भरताना मला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "सोमवारी शाळा उघडते. तू बस ना त्यांच्या डाव्या बाजूला. मी येईपर्यंत. त्यांना कळू देऊ नकोस हं."

मी तिच्या साड्यांच्या घड्या बॅगेत ठेवत राहिले.

उद्या, रविवार, ७ जानेवारी. आई निघायच्या आधी, तिच्यासमोरच, बाबांना ओरखड्यांचे मूळ फोटो दाखवेन आणि त्यांच्याकडे गाडीची किल्ली मागेन.