साडूचा आकडा

४ जून
आलो एकदाचे! कंपनीच्या वसाहतीत दोन खोल्या, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन. बायको भिंती पुसता पुसता गात होती. नोकरी साडूनं लावून दिली. तो आणि बायकोची थोरली बहीण शेजारच्याच खोल्यांत राहतात. काम सोपं आहे: रंगाची पिवळी पूड पिंपांत भरायची. रुजू होण्याआधी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी रक्त आणि लघवी तपासायला घेतली. त्या पुडीत जहरी धातू असतो, तो अंगात किती उतरला ते दर महिन्याला बघतात म्हणे. सिगारेट ओढता का, असंही विचारलं. तंबाखूतही तोच धातू असतो, त्यानं आकडा फुगतो. मी कधी ओढली नाही, तसंच सांगितलं.

२ जुलै
साडूचा आकडा हद्दीबाहेर गेला. आणि नशीब बघा! त्याला दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर ठेवलंय. पगार चालू, काम शून्य, मऊ गादी, सगळी वसाहत दिसेल अशा मोठ्या खिडक्या. भेटायला येणाऱ्यांनी मात्र दाराशीच उभं राहायचं. बायको बहिणीबरोबर जाऊन आली आणि जेवताना एकच टकळी: भावोजी किती रुबाबात पडलेत, भावोजींना कशी किंमत आहे. मी ताट सरकवून उठलो.

२० जुलै
माझा आकडा काही हलेना. शेवटी सिगारेटचं पाकीट आणलं. गोदामामागे उभा राहून ओढतो, तीही हात न धुता, म्हणजे बोटांवरची पूडही पोटात जाते. खोकून जीव जातो. पण घरी भावोजींचं पुराण सुरू झालं की दुसरी पेटवावीशी वाटते. नर्सबाईंनी माझ्या बोटांचा वास घेतला, पुन्हा विचारलं. ओढत नाही, म्हणालो. आईची शपथ घेतली.

८ ऑगस्ट
जमलं! आज वर आलो. साडूला आनंद होईल वाटलं होतं. तो माझ्याकडे बघून रडलाच. मग म्हणाला, "बरं झालं आलास." त्याचा पलंग माझ्या पलंगाला चिकटवून घेतला. इथं ना पूड, ना सिगारेट, तरी त्याचा आकडा रोज चढतोय. नर्सबाई तोंडावर फडकं बांधून येतात, रक्त घेतात आणि पळतात.

११ ऑगस्ट
दुपारी डोळा लागला होता. जाग आली तर साडूचं तोंड माझ्या तोंडाशी. श्वास सोडत होता आणि त्यातून धूर येत होता. पिवळा. हातात सिगारेट नाही. धूर माझ्या नाकात गेला. त्यानं मला थोपटलं, माफ कर म्हणाला.

१३ ऑगस्ट
त्याचा आकडा उतरला. माझा चढला. नर्सबाईंना खरं सांगून टाकलं, चोरून ओढत होतो, मला खाली पाठवा. आधी बोलला असतात तर वर आणलंच नसतं, म्हणाल्या. आता सोडता येणार नाही. ओढणं थांबल्यावर सिगारेटचा आकडा असा उड्या मारत नाही, हे दुसरंच काहीतरी आहे, म्हणाल्या. दार ओढून घेतलं.

१६ ऑगस्ट
साडू घरी गेला. खिडकीतून दिसतो. माझ्या दारात बसलेला. माझ्या कपातून चहा पितो. बायको हसते — माझ्याशी असं कधी —
श्वास सोडला की काच पिवळी होते. पुसतो. पुन्हा बघतो.

१८ ऑगस्ट
बायको आली. दाराशीच थांब म्हटलं. ऐकलं नाही. इतकी आठवण येत होती म्हणे. आता खांद्यावर डोकं ठेवून झोपलीय. मी श्वास रोखून — तोंड भिंतीकडे — एका हातानं लिहितोय —
उठवायला हवं. बोललो तर धूर —
खाली साडू. शीळ घालतोय. वर बघतोय.
ती झोपेत हसली. त्याच्या शिळेला. माझ्या खांद्यावर पडून त्याला —
मी तिच्याकडे तोंड वळव