एकशे एकवीस वजा पंच्याऐंशी

रविवार, २ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

सात महिने झाले, तुमच्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही. कामाचा ढीग होता असं लिहिणार होतो, पण तो दरवर्षीच असतो आणि तुम्हाला ते ठाऊक आहे. तेव्हा क्षमा करा, एवढंच. दोन्ही पत्रं टेबलाच्या वरच्या खणात आहेत. रोज पट्टी काढायला खण उघडतो आणि रोज तुमचं अक्षर दिसतं.

मुंगीला स्पर्धेला मी घेऊन जाईन. शनिवारी मोठ्या खेळाडूंचे सामने बघू, रविवारी तिचा मुलांच्या गटातला सामना. दोन्ही दिवस ती माझ्याकडेच राहील. हॉल घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे. तुम्हाला शिवणखात्यातून रजा मिळत नाही म्हणून तुम्ही येत नाही असं लिहिलंत, ते मी तसंच मानतो. डार्ट्सच्या हॉलमध्ये पाऊल न टाकायला गेली आठ वर्षं मलाही असंच काहीतरी कारण सापडत आलंय.

पंधरा वर्षांची मुलगी काय खाते, किती वाजता उठते, तिच्याशी कशाबद्दल बोलायचं नसतं, हे सविस्तर कळवा. मी वजनकाटे तपासणारा माणूस. सूचना लेखी असल्या की बरं वाटतं.

लोभ वाढवा म्हणायला तोंड नाही, आहे तेवढा टिकवा.

आपला,
धाकटा दीर


गुरुवार, ६ फेब्रुवारी

चि. भावोजींस अनेक आशीर्वाद.

(तुमच्याहून मी चारच महिन्यांनी मोठी आहे, पण आशीर्वादाचा हक्क सोडणार नाही.)

सात महिन्यांत एक पान, म्हणजे महिन्याला जेमतेम तीन ओळी पडल्या. तपासून बघा, गणित तुमचं पक्कं.

मुंगी काहीही खाते आणि उठवल्याशिवाय उठत नाही. बोलायचं नसतं ते एकाच गोष्टीबद्दल, आणि नेमकी तीच तुम्हाला सांगायची आहे. तिचा हात अडकतो. बाण धरते, हात मागे नेते, पुढे आणते, आणि बोटं सुटतच नाहीत. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. कधी तीनदा, कधी पाचदा. तुम्हाला वेगळं वर्णन करून सांगायला नको. क्लबच्या त्या अंतिम सामन्यानंतर यांचा हात असाच गोठला होता, आणि मग पुढची चार वर्षं, जाईपर्यंत, यांनी बाण हातात धरला तो फक्त पुसायला.

मी एकदा रागावले, की मुद्दाम करतेस का. तर शांतपणे म्हणाली, आई, हा बाबांचाच हात आहे, जाताना मला देऊन गेलेत. त्या दिवशी कामावर माझी कात्री कापडातच थांबली. शेजारचीने विचारलं, बरं नाही का.

यांची निळी वही ती बरोबर आणेल. मला वाटायचं त्यात सामन्यांच्या नोंदी असतील. पण पानोपान एकच हिशोब आहे. पाचशे एकातून गुण वजा करत शून्यावर यायचं, एवढंच मला त्या खेळातलं कळतं. जेवण झालं की हे तीच वजाबाकी मांडून बसायचे. मी विचारलं की म्हणायचे, छोट्या गणितात चुकत नाही, म्हणजे मीच कुठेतरी चुकलोय, कुठे ते शोधतोय. मला काही उलगडलं नाही. छोट्या म्हणजे तुम्हीच, तेव्हा तुम्हाला उलगडलं तर कळवा.

तिला भोंग्यासमोर बसवू नका, कान दुखतो.

तुमची काळजी करायची सवय न मोडलेली,
वहिनी


सोमवार, १७ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

मुंगी काल संध्याकाळच्या बसने सुखरूप पोचली असेलच. पहिल्याच फेरीत हरली, हेही तिने सांगितलं असेल. उरलेलं मी सांगायचं आहे. हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. आधीच्या दोन्हीत मी फार चांगला माणूस दिसत होतो, म्हणून फाडली.

शनिवारचा हॉल म्हणजे एखाद्या कारखान्याची शेड. लांबच लांब टेबलं, टोप्या घातलेले, गाणी म्हणणारे हजारो लोक, आणि सगळे बघतायत काय, तर जेवणाच्या ताटाएवढं एक वर्तुळ. ते कोणालाच दिसत नाही. सगळ्यांच्या माना पडद्याकडे. बोर्डाजवळ माइक असतो, त्यामुळे प्रत्येक बाणाचा ठक्क असा आवाज छातीत येतो. तीन आवाज, मग थोडी शांतता, मग आकडा पुकारणाऱ्याची आरोळी. दुसऱ्या आवाजानंतर मी श्वास रोखून धरत होतो. तिसरा येईल याची मला खात्री वाटेना. मुंगीच्या ते लक्षात आलं. म्हणाली, काका, तुम्ही सामना बघताय की परीक्षेला बसलाय. ती स्वतः खुशीत होती. पडद्यावर आकडा यायच्या आधी उरलेले गुण मला सांगायची, आणि बरोबर आले की कोपराने ढोसायची.

दुपारी एक वयस्क खेळाडू आला. रेषेवर उभा राहिला आणि डावी टाच उचलली, अगदी दादासारखी. पाठ तीच, खाली उतरलेला उजवा खांदा तोच. तो वळला तेव्हा चेहरा अर्थातच परका होता, पण वळेपर्यंतचा वेळ मला फार लांब वाटला. मुंगीने माझ्या बाहीचं टोक धरलं. तिलाही दिसलं असावं.

मोठ्यांच्या सामन्यात वजाबाकी आता यंत्र करतं. मुलांच्या गटात अजून माणूसच करतो. बाजूच्या हॉलमध्ये सोळा बोर्ड, प्रत्येकाशेजारी एक पांढरा फळा, आणि पद्धत अशी, की जो हरेल त्याने पुढच्या सामन्याचे गुण लिहायचे. रडायचं तर रडा, पण फळा लिहून झाल्यावर. मुंगी चाळीसवर आली होती. विसाच्या डबलमध्ये, त्या बारीक पट्टीत, एक बाण लागला की जिंकली. हात मागे गेला, पुढे आला, अडकला. चार वेळा. समोरची दातांना तारा लावलेली मुलगी बिचारी शूज बघत थांबली. मला मुंगीच्या जागी दादाचं कोपर दिसलं आणि मी मान फिरवली. पोरीकडे बघायचं सोडून मी भिंतीकडे बघत होतो, हे लिहून ठेवतो.

मग ती डोळे पुसून फळ्यापाशी उभी राहिली. दोन मुलांचा सामना. एकाचे चौऱ्याण्णव उरले होते, त्याने पंचेचाळीस मारले. हिने एकोणसाठ लिहिलं. दशक उसना घेतला तो वजा करायचा राहिला. मुलगा रेषेवर गेला, हात उचलला, आणि मुंगी ओरडली, थांब, माझी चूक आहे. बाहीने आकडा पुसला, एकोणपन्नास लिहिलं. पंचांनी कपाळाला आठ्या घातल्या, मुलाने मान हलवली, खेळ पुढे सुरू. चार सेकंद लागले, वहिनी. मी उठून बाहेर पाण्याच्या नळापाशी गेलो.

आठ वर्षांपूर्वी, क्लबच्या त्या अंतिम सामन्याला नेहमीचा गुणलेखक आला नव्हता. दादाने खडू माझ्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की माझा भाऊ लिहील, तो गणितात चुकत नाही. निर्णायक डाव. दादाचे एकशे एकवीस उरले होते. त्याने पंच्याऐंशी मारले. मी शेहेचाळीस लिहिलं. तीच चूक, उसन्या दशकाची. बाण काढून परतताना दादाने फळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं धीर हवा असेल. मी मान डोलावली.

खरे उरले होते छत्तीस. अठराचं डबल तो गप्पा मारता मारता मारायचा. पण फळ्यावर शेहेचाळीस होते, म्हणून चाळीस उरवायला त्याने आधी सहा घेतले, मग विसाच्या डबलवर दोन बाण, दोन्ही तारेबाहेर केसभर. पहिला बाण सुटला आणि सहा वजा करायला मी फळ्याकडे वळलो, तेव्हाच मला चूक दिसली. त्या खेळाडूचा पुढचा बाण पडला की फळ्यावरचा आकडा पक्का, असा नियम, आणि तो बाण पडून गेला होता. त्यामुळे बोललो असतो तरी निकाल बदलला नसता. या वाक्याच्या आधाराने मी आठ वर्षं काढली. सामना संपल्यावर ओल्या फडक्याने फळा पुसला, चारी कोपऱ्यांसकट.

वही मी पाहिली. शंभर, एकशे चाळीस, साठ, ऐंशी, पंच्याऐंशी. खाली छत्तीस. प्रत्येक पानावर छत्तीसच. दादा एकदाही चुकला नव्हता. आपल्या डोळ्यांवर अविश्वास दाखवून तो माझ्या आकड्यावर विसंबला, आणि मग आपल्या डोळ्यांचं काय बिघडलं ते शोधत बसला. हात गोठेल नाहीतर काय.

बस थांब्यावर मुंगीने विचारलं, काका, तेव्हा फळ्यावर तुम्ही होतात ना. मी हो म्हणालो. आणि पुढे बस किती वाजता येते ते सांगितलं.

माझ्या कार्यालयात प्रत्येक आकड्याखाली दोघांच्या सह्या लागतात. ही सूचना आठ वर्षांपूर्वी मीच केली. का केली, हे तिथे कोणी विचारलं नाही. हे पत्र माझं ओझं उतरावं म्हणून लिहितोय का, याचं उत्तर मला प्रामाणिकपणे देता येत नाही. थोडंसं तसंही असेल.

लोभाबद्दल या खेपेला काही मागत नाही.

तुमचा
छोट्या


गुरुवार, २० फेब्रुवारी

भावोजी,

पत्र कामावर उघडलं. कापडावर मापं आखायच्या खडूनेच टेबलावर १२१ वजा ८५ मांडलं. छत्तीस. आठ वर्षं मला ते कोणी मांडायला सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे चुकीचं कापलेलं कापड फेकून देत नाहीत. जिने कापलं तिने आपल्या नावाची चिठ्ठी टाचणीने त्याला लावायची. शिक्षा म्हणून नाही, तर पुढच्या बाईला आपलंच माप चुकलं असं वाटून ती दिवसभर माप घेत बसू नये म्हणून. तुम्ही चिठ्ठी लावली नाहीत. ते चार वर्षं माप घेत बसले. माझ्यासमोर, त्याच टेबलाशी, जेवणाची ताटं सरकवून. आणि मी त्यांना म्हणायचे, पुरे झालं आता, हरलात ते मान्य करा.

फळा पुसलात ते समजू शकते. घाबरलात. पण सुतकात तेरा दिवस या घरात होतात, निळी वही तुमच्या हाताशी कपाटावर होती. आणि मान डोलावलीत, तिथे तर माझं डोकं अडकून बसलंय. तुम्हाला माहीत नव्हतं, हे कळतं. कळूनही अडकतं.

माफीचं आत्ता विचारू नका. आत्ता मला माझ्या मुलीचा हात हवा आहे. हरलेल्यांची दुसरी संधी याच रविवारी आमच्या क्लबात आहे, सकाळी अकराला. ती रेषेवर उभी राहील तेव्हा तिला माहीत हवं, की बाबांच्या हातात काही खोट नव्हती आणि त्यांनी तिला खोट दिलेली नाही. हे मी सांगणार नाही. मी सांगितलं तर ती माझ्या गळ्यात पडून रडेल आणि तुम्ही तिकडे सुटाल. तुम्ही या. शनिवारी या. टपालाला वेळ नाही, हे पत्र आज रात्रीच्या बसने पाठवतेय.

वहिनी

ता. क. इकडे थंडी आहे, स्वेटर आणा. हे सवयीने लिहून गेलं, खोडत नाही.


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र टपालात टाकत नाही, तुमच्या हातात देईन. तोंडाने बोलताना काही गाळलं तर यात सापडावं म्हणून.

सकाळच्या साडेसहाच्या बसचं तिकीट काढलंय. स्वेटर पिशवीत आहे.

दादा दिसतो का, असं तुम्ही कधी विचारलं नाहीत. चेहरा दिसत नाही. पाठ दिसते, रेषेवर, टाच उचललेली. आज सकाळी काट्यावर वजनं ठेवत होतो, तीन वजनं एकामागून एक, आणि तोच आवाज झाला. मग नेहमीप्रमाणे तो वळतो, फळ्याकडे बघतो, माझ्याकडे बघतो. दर वेळी मी मान डोलावतो. आज मी हात वर केला. खरोखरच केला, कारण पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, काही हवंय का. तो थांबला की त्याने बाण सोडला, ते मला दिसलं नाही. बाईंना उत्तर द्यायचं होतं. म्हणालो, एक आकडा चुकलाय, दुरुस्त करायचाय. त्यांनी विचारलं, कोणाचा. माझा, म्हणालो. हे इतकं सोपं वाक्य असेल असं वाटलं नव्हतं, आणि सोपं निघालं याची जास्त लाज वाटली.

मुंगी मला त्यानंतर काका म्हणेल की नाही, माहीत नाही. नाही म्हणाली तरी रविवारी मी मागच्या खुर्चीत बसेन. भिंतीकडे बघणार नाही.

दारातून आत घ्याल एवढा लोभ असू द्या.

तुमचा
छोट्या

उद्याचं काम: मुंगीसमोर निळी वही उघडून १२१ वजा ८५ करणे, आणि जिथे चुकलं तिथे माझं नाव लिहिणे.