डावा पट्टा

३ मार्च

गेली! सव्वासातच्या बसने. थोरल्या लेकीच्या पायाला प्लास्टर घातलंय, त्यामुळे सत्तावीस तारखेपर्यंत ही तिकडेच. जाताना स्टँडवर पिशवी हातात घेताघेता म्हणाली, "मी येईपर्यंत हॉल नवा करून घ्या. रंग, पडदे, भिंतीला हल्ली लावतात तो कागद, सगळं. आणि निवडायचं तुम्ही. मला विचारायचं नाही, फोटो पाठवायचे नाहीत."

मी म्हटलं, "आल्यावर तुला आवडेल ते करू की."

पिशवी खाली ठेवली तिने. मला वाटलं, आता बस चुकते. "चाळीस वर्षं दुकानात लोकांना पडदे निवडून दिलेत. एकेका गिऱ्हाइकाशी तासतासभर बोलायचात. आपल्या घराचं आलं की 'तुला आवडेल ते'! लग्न झाल्यापासून छत्तीस वर्षं हेच ऐकतेय. या खेपेलाही टाळलंत ना, तर मी समजेन, तुम्हाला या घराशी काही घेणंदेणं नाही."

चिडून म्हणाली असती तर बरं. अगदी शांतपणे म्हणाली. बस सुटली तेव्हा हात हलवला नाही.

४ मार्च

रंगारी आला. मोबाइलवर घरंच्या घरं दाखवली. कुणाच्या भिंती चुना फासल्यासारख्या ढगाळ, कुणाच्या गवताच्या चटईसारख्या. हल्ली म्हणे भिंत, छत, दार, चौकट सगळं एकाच रंगात बुडवतात. "हेच चालतंय सध्या, काका. डोळ्यांना शांत वाटतं." मग शेडकार्डांचा गठ्ठा टेबलावर टाकून, उद्यापर्यंत ठरवा म्हणून निघून गेला.

आता लिहूनच टाकतो. ही वही कुणी वाचत नाही.

मला हिरवं आणि लाल वेगळं दिसत नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही. भडक असेल तर अंदाज येतो. पण जरा मळकट झालं की हिरवा, गुलाबी, तपकिरी, राखी — सगळी एकाच आईची लेकरं!

दुकानात लागल्यावर दुसऱ्याच आठवड्यात कळलं. एका बाईंनी मरून अस्तर मागितलं, मी गडद हिरवं काढून कापायला घेतलं. शेठ खो खो हसले, त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मीही हसलो. नोकरीची गरज होती. त्यानंतर माझी फळी मी स्वतः लावायचो, कुठला गठ्ठा कितवा ते पाठ. कुणी हात लावला तर अंगावर जायचो. लोक म्हणायचे, काय शिस्तीचा माणूस! आणि पसंतीचं म्हणाल तर कापडाकडे बघतच नव्हतो मी. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघायचो. चेहरा जरा उजळला की म्हणायचो, "हाच घ्या, तुमच्या घराला हाच शोभेल." त्यावर मला 'पारखी' नाव पडलं!

हिला लग्नाआधीच सांगायला हवं होतं. नंतर सांगायचं म्हणजे आधी का नाही सांगितलं, तेही सांगावं लागतं. अशी वर्षं गेली. टोमॅटो मी दाबून दाबून घेतो, तर ही सगळ्यांना सांगते की आमच्या ह्यांच्याइतकं चिकित्सक गिऱ्हाईक बाजारात दुसरं नाही.

५ मार्च

शेडकार्डावर रंगाचं नाव असेल आणि तेवढं वाचून भागेल, असं वाटलं होतं. नावं अशी — 'दुपारची सावली', 'जुनं पत्र', 'मुक्काम', 'सावकाश'. अरे, सावकाश हा काय रंग आहे?

६ मार्च

रंगाऱ्यावर जुनी युक्ती लावून पाहिली. एकेक शेड पुढे धरायची आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं. त्याचा चेहरा म्हणजे पुट्टी मारलेली भिंत! प्रत्येक शेडला "एक नंबर, काका." अठ्ठावीस वेळा एक नंबर. शेवटी वैतागून मी त्याला चहा दिला, तोही एक नंबर म्हणाला.

थोरलीला गुपचूप विचारावं असं मनात आलं. पण तिच्या पोटात काही राहत नाही, आणि आई आत्ता तिच्याच शेजारी बसलेली. वरच्या मजल्यावरच्या वहिनींना सांगावं तर दुपारपर्यंत सगळ्या बिल्डिंगला कळेल. म्हणजे कुणालाच नाही.

८ मार्च

पडद्यांच्या शोरूमला जाऊन आलो. गठ्ठे नाहीत, फळ्या नाहीत. नमुन्यांची जाडजूड पुस्तकं! पण कापड हातात आलं आणि जिवात जीव आला. इथे मला कुणी फसवू शकत नाही. लिनन म्हणून दाखवलं त्यात निम्मं पॉलिएस्टर होतं, चिमटीत धरताच कळलं. तसं म्हटल्यावर विकणारी मुलगी चपापली, मग हसली. "काका, तुम्ही धंद्यातले ना?" मग आतलं चांगलं पुस्तक काढलं. सुती-लिनन, जरा खरबरीत, वजनदार, टांगल्यावर सरळ पडणारं. डोळे मिटून निवडलं. खरंच मिटले होते.

मग रंग. तिलाच विचारलं, "तू काय घेशील?"

"सेज. म्हणजे मळकट हिरवा. सध्या सगळे तोच नेतात." तिचा चेहरा उजळला! किती दिवसांनी पाहिला असा उजळलेला चेहरा. घेतला. तिनेच शेडकार्ड बघून सांगितलं की भिंतीला याच्याशी जुळणारा म्हणजे 'दुपारची सावली'. एका भिंतीला कागद, मोठ्या पानांचा. म्हणजे सगळं हिरव्यात. झालं की! उगाच पाच दिवस जीव टांगणीला लावला होता.

९ मार्च

हिचा फोन. थोरली बरी आहे, कंटाळलीये. शेवटी म्हणालीच, "बरं, एवढंच सांगा, कुठला रंग ठरवलात?"

मी म्हटलं, "हिरवा. सौम्य, मळकट. पडद्यांना जुळणारा."

मग म्हणाली, "तुम्ही स्वतः ठरवलंत?" आवाज वेगळाच होता. मी हो म्हटलं. इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की पुढे अर्धा तास तिला लिनन आणि पॉलिएस्टरमधला फरक समजावून सांगितला. तिने ऐकून घेतला.

११ मार्च

रंगाऱ्याने भिंतीवर दोन पट्टे मारून दाखवले. मी सांगितलेला 'दुपारची सावली', आणि त्याच्या मनाने आणलेला 'जुनं पत्र'. "हापण बघून ठेवा, काका, हा धूळगुलाबी. जास्त उठतो." मला दोन्ही पुठ्ठ्यासारखे दिसले. शेजारी शेजारी दोन पुठ्ठे. तो हात धुवायला गेला तेवढ्यात खाली पेन्सिलीने बारीक खुणा केल्या, 'ह' आणि 'गु'. फसायला मी काही कालचा नाही.

१२ मार्च

खुणा गेल्या!

मी दूध आणायला गेलो आणि त्याने ओल्या फडक्याने अख्खी भिंत पुसून काढली. "पेन्सिल रंगातून वर येते, काका. आधी पुसावीच लागते. कोणी केली काय माहीत." कोणी केली काय माहीत!

मग विचारलं, "कुठला मारू? डावा की उजवा?"

काल खुणा करताना मी खिडकीकडे तोंड करून उभा होतो की दाराकडे? 'ह' आधी लिहिला की नंतर? काही म्हणजे काही आठवेना. 'दुपारची सावली' मार एवढंच म्हणायचं होतं. पण त्याने डबे फोडून दोन बादल्यांत ओतून ठेवले होते, आणि वर म्हणाला, "नावं राहू द्या, काका, बोट दाखवा." बोट दाखवायला चाळीस वर्षांचा पारखी कचरतोय, हे कसं दिसेल?

डावा दाखवला.

१४ मार्च

भिंती, छत, दार, चौकट. सगळं डाव्यात बुडालं. मला तरी खोली मोठी वाटतेय. किंवा सामान बाहेर आहे म्हणून असेल.

१६ मार्च

कागदवाला आला. पानांचा रोल उलगडला आणि तसाच धरून उभा राहिला. एकदा कागदाकडे, एकदा भिंतीकडे. "काका, हा कागद याच खोलीत लावायचाय ना?"

माझ्या तोंडातून काय निघालं? "हो. मुद्दाम."

दुकानातली सवय. गिऱ्हाईक गोंधळलं की मुद्दाम म्हणायचं, लगेच गप्प होतं. तोही झाला. पानं लावून गेला. जाताना पुन्हा एकदा वळून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही. आवडलं की कीव आली? बघवत नव्हतं की नजर हटत नव्हती? हॉलमध्ये खुर्ची टाकून तासभर भिंतीकडे पाहत बसलो. भिंत मला काही सांगेना.

१८ मार्च

पडदे लागले. झकास पडलेत, एक सुरकुती नाही.

संध्याकाळी वरच्या वहिनी बहिणीला घेऊन आल्या, दाखवायला. दारात उभ्या राहून तिला म्हणतात, "बघ, बघ! गुलाबी भिंत, गुलाबी छत, गुलाबी दार, आणि त्यावर हिरवे पडदे! असं धाडस पारखीच करू जाणे. मीपण अगदी असंच करून घेणार आहे."

मी दोघींना चहा विचारला.

१९ मार्च

रंगाऱ्याला फोन केला. दुसऱ्या कामावर आहे, महिनाअखेरपर्यंत मोकळा नाही. "का काका, काही बिघडलं का?" म्हटलं, नाही, एक नंबर झालंय.

२० मार्च

काय सांगू हिला?

एक — तुला चकित करायचं होतं म्हणून फोनवर मुद्दाम खोटं बोललो. दोन — रंगाऱ्याने घोटाळा केला. पण मग समोर उभं राहून बघत होतात ना, अख्खी खोली होईपर्यंत काय करत होतात? आणि ते खरंच विचारील ती. तीन — खरं सांगायचं. तिसरं आजवर हजारदा ठरवलंय. पण आता सांगितलं तर काय होईल? इतकी वर्षं जे जे लपवलं ते सगळं एकदम बाहेर येईल. आणि नाही सांगितलं तर तिला वाटेल, निवडायला सांगितलं तर तेही लक्ष देऊन केलं नाही. फोनवर हिरवा म्हणाले आणि घरात बघितलंसुद्धा नाही काय लागतंय ते. घेणंदेणं नाही, म्हणाली होती.

दोन्हीकडून मीच मार खाणार. भीती वाटतेय, लहान पोरासारखी.

२१ मार्च

पहिलंच बरं. चकित करायचं होतं. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा बरं जमलं.

२२ मार्च

उद्या येतेय. चार दिवस लवकर. "घर बघायचंय," म्हणाली.

फरशी पुसली. पडदे हाताने पुन्हा सारखे केले.

२३ मार्च

आली. हॉलच्या दारात थांबली. भिंत पाहिली, छत पाहिलं, मग माझ्याकडे. "फोनवर हिरवा म्हणाला होतात ना?" मी सुरू केलं, "मुद्दाम, तुला चकित—" तर तिने हात पुढे केला, अंगातल्या स्वेटरची बाही माझ्यासमोर धरली. थोरलीने घेऊन दिलेला नवा स्वेटर. "हा कुठल्या रंगाचा आहे, सांगा."

तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथे काहीच मिळेना. मग बाहीकडे बघितलं.

"नाही कळत मला," म्हटलं. "कधीच कळलं नाही."

ती तिथेच, पिशवीवर बसली. रडायला लागली. मला वाटलं, खोटं बोललो म्हणून. म्हणाली, "नवीन काही घातलं की मी तुमच्यासमोर येऊन उभी राहायचे. दर वेळी. तुम्ही मान वर न करता 'छान' म्हणायचात. मला वाटायचं, मीच आवडत नाही तुम्हाला."