दुसरी किल्ली

मये, डिचोली
गुरुवार

प्रिय प्रभावती,

तुझ्या घरात माझ्या हाताने केलेल्या वस्तू किती, ते आज सकाळी बसून आठवलं. न्हाणीघराच्या दाराची कडी. विहिरीवरचा रहाट. शिवणयंत्राला बसवलेली मोटर, जिचा पट्टा मी सायकलच्या ट्यूबमधून कापून काढला होता आणि जो सोळा वर्षं तुटलेला नाही. चवथीला गणपतीवर तू फळांची माटोळी बांधतेस तिची लोखंडी चौकट, साडेचार फूट बाय तीन, नारळाची अख्खी पेंड टांगली तरी न वाकणारी. भावोजींना शेवटच्या वर्षी अंगणात आणायचो ती चाकांची खुर्ची. आणि तुझ्या नव्हे, माझ्या अंगणात उभी असलेली जीप, चार मेलेल्या जिपांची जिवंत केलेली एक. यातलं काहीही मला कोणी शिकवलं नाही हे तुला ठाऊक आहे. तुझी गाडी या यादीत नाही. ती मी केलेली नाही, नुसती विकली.

पुढचं नीट वाच, आणि गौरवी घरी असेल तर तिला समोर बसवून वाच. गाडीची हरवलेली किल्ली माझ्याकडे आहे. मंगळवारी आलो होतो तेव्हा मी ती खिशात घातली. तुम्ही दोघींनी घर उलटंपालटं केलं असेल, किल्ली मांजराने पाडली म्हणून लेकीने त्याच्या सात पिढ्या काढल्या असतील. शोधू नका. देव्हाऱ्याच्या खणात तू दुसरी किल्ली ठेवली आहेस, ती तिला देऊ नकोस. ती मागेल. तापाची रजा रविवारी संपते, सोमवारी तिला म्हापशाच्या इस्पितळात ड्युटीवर जायचं आहे, मुलगी हट्टी आहे, मामासारखी. तिने रडून मागितली तरी देऊ नकोस. हे पत्र मी दुपारच्या बसच्या कंडक्टरकडे देतो आहे. तो तुमच्या हळर्णच्या तिठ्यावर दुकानात ठेवील. मंगळवारपासून तीन वेळा फोन केला तो यासाठीच होता. तिन्ही वेळा तुझ्या भाताचं आणि माझ्या गुडघ्याचं बोलून मी फोन ठेवला.

आता पहिल्यापासून सांगतो. गॅरेज मी बंद केलं ते गुडघ्यामुळे, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते अर्धं खरं. खाणीचे ट्रक चालत होते तेव्हा डिचोलीत माझ्या दाराशी रांग असायची, आवाज ऐकून मी सांगायचो कुठल्या सिलिंडरात दुखतंय. आता गाड्या संगणकाला विचारतात आणि संगणक कंपनीच्या माणसाला विचारतो. शेवटच्या वर्षी एका गाडीचा दोष मला दोन दिवस सापडला नाही. मालकाच्या पोराने मोबाइलला एक वायर जोडून पाच मिनिटांत सांगितला. तो हसला नाही हे त्याचं चांगलं, पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तुझी विनोदिनीवहिनी म्हणाली, गाड्यांचे मेस्त म्हणून इतकी वर्षं मिरवलात, आता माणूस म्हणून कुठेतरी आठ तास बसा. मग म्हापशाच्या बाजूला जुन्या गाड्या विकायचं ते शोरूम, तिथे बावन्नाव्या वर्षी मी सेल्समन झालो. नाव मुद्दाम लिहीत नाही, तुझ्या कागदांवर आहे.

प्रभा, मी खाणीच्या खड्ड्यात वीस टनांच्या ट्रकखाली झोपून काम केलं आहे, वर जॅक कुरकुरत असताना. तेव्हा भ्यालो नाही. त्या काचेच्या दारातून आत जाताना रोज भ्यायचो. दार आपोआप उघडायचं तेही मला पटायचं नाही. पांढरा शर्ट, गळ्यात फोटोचं कार्ड, आणि गिऱ्हाईक आत आलं की आधी हसायचं. आमचा मॅनेजर देवेश, वय एकोणतीस, पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाला, “अंकल, एक रिक्वेस्ट. बॉनेट उघडायचं नाही, खाली वाकायचं नाही. गिऱ्हाईकाला वाटतं काहीतरी बिघडलंय. आपण गाडी विकत नाही, फीलिंग विकतो.” मी विचारलं, फीलिंगला वॉरंटी किती महिन्यांची? सगळे हसले. मीही हसलो. पण वाकायचं सोडलं, हे खरं. गाड्या तपासायला तिथे वेगळा माणूस आहे, दीडशे मुद्द्यांच्या कागदावर तो खुणा करतो. मी तो कागद वाचून दाखवायचा. दुसऱ्याच्या खुणा मी आयुष्यात कधी वाचून दाखवल्या नव्हत्या.

तीन महिन्यांत पाच गाड्या गेल्या तर नोकरी पक्की, नाहीतर घरी, अशी अट होती. पहिल्या दोन माझ्या जुन्या गिऱ्हाइकांनी नेल्या. मग सहा आठवडे एक नाही. लोक यायचे, माझ्याशी डिझेलच्या पंपावर तासभर बोलायचे आणि गाडी देवेशकडून घ्यायचे. घरी मी सांगायचो की मस्त चाललंय. विनोदिनी तरी रोज शर्टाला कडक इस्त्री करून द्यायची, ते जास्त वाईट. पुढे आणखी दोन कशाबशा गेल्या. पाचवी राहिली आणि दिवस उरले चार. तेव्हा मला तुझी आठवण झाली. भाऊ म्हणून नाही झाली, हे आज लिहून टाकतो. गौरवी पावसात स्कूटरवरून जाते, तिला गाडी हवी असं तू चवथीला म्हणाली होतीस, ते वाक्य मला आठवलं.

तुला शोरूमला बोलावलं त्या दिवशीचं सगळं तुला आठवत असेल, मला तर शब्दन् शब्द आठवतो. तू गाडीला हात लावलास आणि म्हणालीस, “रंग बरो आसा. सोमवारी देवळात कौल लावतंय. देवाच्या अंगावरची उजवी पाकळी पडली तर घेऊया.” महिना शनिवारी संपत होता. सोमवारी कौल म्हणजे माझी पाचवी गाडी गेली. मी काय म्हणालो? म्हणालो, देव काय बॉनेट उघडून बघणार आहे? अठ्ठावीस वर्षं गाड्या उघडतोय मी. उजवी पाकळी मीच समज. तू म्हणालीस, “तू बघितलंस मां दादा? मग जालां.” आणि सही केलीस. आपल्या घरात विहीर खणायलासुद्धा कौल लावल्याशिवाय कुदळ मारलेली नाही. माझ्या शब्दावर तू देवाला विचारायचं राहू दिलंस. आणि मी बघितलं नव्हतं, प्रभा. इंजिन ऐकलं होतं, ते स्वच्छ होतं. खाली वाकलो नव्हतो. शर्ट पांढरा होता, देवेश काचेतून बघत होता, माझी पाचवी गाडी होती. टायरखाली लिंबू मीच ठेवलं, नारळ मीच फोडला, गाऱ्हाणंही मीच घातलं, “गाडीक आणि गाडीत बसतल्यांक सांभाळ रे म्हाराजा.”

गेल्या शनिवारी शोरूममध्ये तुझ्या गाडीसारखीच एक राखाडी गाडी दाखवायला काढली. गिऱ्हाईक यायला उशीर होता. मी आत बसलो. सुगंधी डबीचा वास येत होता, आणि त्याच्या खाली दुसरा एक. आपल्या शेतात पुराचं पाणी उतरल्यावर तीन दिवसांनी येतो तो वास. मी सीटचा पट्टा धरला आणि ओढत गेलो. लोक पट्टा पोटापुरताच ओढतात, धुणारेही तेवढाच धुतात. मी शेवटपर्यंत ओढला. शेवटच्या वीतभर भागावर तपकिरी गाळाची रेघ होती, आणि तिला चिकटलेलं उसाच्या पाचटाचं नखाएवढं तूस. गाडी घाटावरून आलेली, तिकडे पावसाळ्यात पूर आला होता. मी शर्ट काढला, कार्ड काढलं आणि बनियनवर गाडीखाली शिरलो. सात महिन्यांत पहिल्यांदा. सीटच्या बोल्टांना गंज, वायरींच्या जोडांवर हिरवी बुरशी. दीडशे मुद्द्यांच्या कागदावर सगळीकडे बरोबरची खूण. मग मी ऑफिसात जाऊन वही बघितली. त्या एका ट्रेलरवरून तीन गाड्या उतरल्या होत्या. दुसरी मागे उभी होती, तिच्याही पट्ट्यावर तोच गाळ. तिसरी तुझी.

रविवार आणि सोमवार मी स्वतःला सांगत होतो की तीनपैकी दोन भिजल्या म्हणून तिसरी भिजलीच असं नाही. मंगळवारी आलो. तू म्हणालीस, “आज कसो वाट चुकलंस?” आणि पावाचे उंडे गरम करायला आत गेलीस. मी म्हटलं जरा गाडी बघतो. पट्टा ओढला. चार बोटं गाळ. मग किल्ली फिरवून डॅशबोर्ड बघितला. एअरबॅगचा लाल दिवा पेटून तीन-चार सेकंदांत विझायला हवा, तसा नियमच आहे. तुझ्या गाडीत तो पेटतच नाही. विकताना मी बघितलं होतं की एकही दिवा लागून राहिलेला नाही, आणि मनात म्हटलं होतं, छान. कोणीतरी तो दिवाच काढून ठेवला आहे. बाई, ती गाडी उद्या आपटली तर पिशवी उघडेल की नाही हे देवालाही सांगता येणार नाही, आणि कोलवाळच्या पुलावर स्टीअरिंग अचानक जड होऊन बसलं तर गौरवीच्या बारीक मनगटांना ते वळणार नाही. चार महिने ती पोर त्या गाडीने गेली आणि आली. रात्रपाळीलासुद्धा. रोज पोचल्यावर मला मेसेज करायची, “मामा, पोचलंय,” शेवटी एक गाडीचं चित्र. मी अंगठा पाठवायचो.

तू उंडे आणि भाजी घेऊन आलीस. मी दोन उंडे खाल्ले, तिसरा तू वाढलास तोही खाल्ला, आणि बोललो नाही. किल्ली खिशात मांडीला टोचत होती. भीती कशाची होती ते अजून पुरतं सांगता येत नाही. तू ओरडशील याची नव्हती. तू ओरडणार नाहीस, “असू दे दादा” म्हणशील, आणि पुढच्या वेळी रहाट कुरकुरला की दुसऱ्या कोणाला बोलावशील, त्याची होती.

आता करायचं ते लिहितो. बॅटरीची काळी वायर गौरवीला सोडवायला सांग, दहा नंबरचा पाना शिवणयंत्राच्या खणात आहे, मीच ठेवला होता. गाडी धुवायची नाही, पट्ट्याला हात लावायचा नाही, तो पुरावा आहे. सोमवारी सकाळी सहाला मी जीप घेऊन येतो. गौरवीला इस्पितळात सोडीन आणि पाळी संपली की आणीन, गाडीचा निकाल लागेपर्यंत रोज. जिपेलाही एअरबॅग नाही, पण नाही हे आपल्याला माहीत आहे, आणि तिचा एकेक बोल्ट मी आवळलेला आहे. येण्याआधी तुला हवं तर देवळात कौल लाव, की या माणसाच्या जिपेत पोरीला बसवू का. मी हसणार नाही.

हे सगळं तोंडाने सांगता आलं असतं. किल्ली पुढ्यात ठेवून चार वाक्यं पुरली असती. कागदावर घातलं ते एवढ्यासाठी की तुला हा कागद ग्राहक मंचात नेता यावा. म्हणून स्पष्ट लिहितो: ही गाडी मी विकली. ती पुराच्या पाण्यात बुडालेली होती. विकताना मला ते माहीत नव्हतं, माहीत असायला हवं होतं, आणि मी बघितली आहे असं खोटं सांगितलं. साक्षीला मी उभा राहीन. काल शोरूमच्या शेठकडे जाऊन मी तिन्ही गाड्यांचं सांगितलं. त्यांनी दार लावलं, चहा मागवला, मला पहिल्यांदाच यशवंतबाब म्हणाले. एक गाडी परत घेतली तर उद्या सगळे दाराशी येतील, बहीण तुमचीच आहे, तिला सांभाळून घ्या, म्हणाले. त्याबदल्यात देवेशच्या वरची जागा, बाहेरच्या फलकावर माझा फोटो, खाली “यशवंत मेस्ताची खात्री”, आणि अठरा हजारांच्या जागी महिना पंचावन्न हजार रुपये. मी गळ्यातलं कार्ड काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं.

तुझाच दादा,
यशवंत