विद्यापीठाचं नाव

सिंगापूर, मंगळवार संध्याकाळ

ट्रेनिंगला सुट्टी, म्हणून कंपनीनं शहर दाखवलं. गाईडबाईंनी एकाच रस्त्यावर मंदिर, मशीद, चिनी देऊळ दाखवलं. म्हणाल्या, "इथं सगळे गुण्यागोविंदानं राहतात." खरंच? औरंगाबादेत आम्हीही पाहुण्यांना मकबरा दाखवतो, दंगलीत जळालेल्या वस्त्या नाही.

मग बसमध्ये गाईडबाईंनी मला सहज विचारलं, "तुमची युनिव्हर्सिटी कोणती?" पुढच्या सीटवरचे जाधव साहेब बोलता बोलता थांबले. मला नोकरीत कायम करायचं की नाही, हे त्यांच्याच हातात. जुनं नाव घ्यावं तर मी नामांतराच्या विरोधातली, नवं घ्यावं तर बाजूची. मोर्चात नव्या नावासाठी घसा बसेपर्यंत ओरडलेली मी आज म्हणाले, "औरंगाबादची." आणि म्हणे घरातली पहिली पदवीधर!

पण साहेब बोलायचे का थांबले? जाधव म्हणजे कोणते जाधव, हेही अजून कळलेलं नाही.

उतरताना विचारलंच, "साहेब, तुमची युनिव्हर्सिटी?"

"औरंगाबादचीच की. का, सोयरीक जुळवताय का काय?" हसले, पण माझ्याकडं न बघता.

म्हणजे तेही मला भितात? का मला चाचपतात?

उद्या नाश्त्याला त्यांच्यासमोर नवं नाव घेणार, पूर्ण. नाही केलं कायम तर नाही.