काचेचे सांधे

५ फेब्रुवारी
उठले तर पाय थेट पाण्यात. फिशटँक डाव्या कोपऱ्यातून झिरपतोय, ओघळ पार सोफ्याखाली. नवरा म्हणाला, चाळीस वर्षं झाली त्याला, देऊ टाकून, नवा आणू. तेवढ्यात आतल्या खोलीतून सासरे — "हात लावलास तर बघ."

चार महिन्यांत त्या खोलीतून 'चहा' आणि 'नको' सोडून तिसरा शब्द आला नव्हता! जन्मभर काचकाम केलं त्यांनी. खिडक्या, शोकेसेस, आरसे. हा टँक नवऱ्याच्या जन्माच्या वर्षी स्वतः बांधलेला. हात थरथरायला लागला तसे आत जाऊन बसले. कपसुद्धा दोन्ही हातांनी धरतात, तोही कुणी बघत नसताना.

६ फेब्रुवारी
आमच्या लठ्ठ गोल्डफिशला, म्हणजे शेठना, हलवलं. मावतील असं भांडं घरात एकच — माझं केकचं मिश्रण फेटायचं! आता ऑर्डरी कशात फेटू? शेठ मात्र मजेत.

८ फेब्रुवारी
काचा चिकटवायचं नवं सिलिकॉन जुन्यावर धरत नाही म्हणे. म्हणून आतल्या बाजूचं जुनं सगळं पातीनं खरवडायचं. तीन तास खरवडलं, मान मोडली. सासरे खुर्ची ओढत बाहेर आले, शेजारी बसले. शेवटी काचेवरून नख फिरवलं — "इथे राहिलंय." मला काही दिसेना. पाती लावली तर खरंच निघालं, केसाएवढं.

९ फेब्रुवारी
नवऱ्यानं मोठ्या ऐटीत सिलिकॉन आणलं. सासऱ्यांनी भिंग लावून नळकांड्यावरचं बारीक अक्षर वाचलं. बाथरूमचं निघालं, बुरशी मारायचं औषध घातलेलं. यानं शेठही जातील म्हणाले. नवरा मुकाट्यानं परत दुकानात. मी पदर नसताना तोंडाला पदर लावल्यासारखी हसले.

१० फेब्रुवारी
आज वाईट झालं.

सिलिकॉनची गन मीच धरणार, सासरे म्हणाले. कोण अडवणार? पहिल्या सांध्यालाच धार नागमोडी गेली, मग काचभर पसरली. त्यांनी गन हळूच खाली ठेवली, फडक्यानं हात पुसत राहिले — स्वच्छ झाले तरी पुसतच राहिले. मग आत गेले. दार लावलं. जेवले नाहीत.

नवरा टँक उचलायला गेला. मी म्हटलं, राहू दे.

११ फेब्रुवारी
दार बंद. चहा 'नको'.

१२ फेब्रुवारी
शाळेतल्या बाईंच्या निरोपाचा केक. कडेनं क्रीमची रेघ ओढत होते. सासरे पाणी प्यायला आले आणि मागे उभे राहिले. मी पाहिलंच नाही असं दाखवलं. रेघ पुरी होईपर्यंत हलले नाहीत.

"रेघ श्वास सोडताना ओढतेस."

वीस वर्षं केक करतेय, मला हे माहीत नव्हतं! मीही तसंच करायचो, म्हणाले. पाण्याचा पेला तसाच ओट्यावर राहिला. मग माझ्याकडे न बघता —

"तू धर. मी सांगतो."

१३ फेब्रुवारी
झालं! झालं!

आधी त्या दिवशीचा पसारा खरवडला, स्पिरिटनं काचा पुसल्या, दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावली. मग गन. क्रीमपेक्षा कितीतरी जड. सासरे कानाशी पुटपुटत होते, थांबायचं नाही, कोपऱ्यात हात नको, नुसतं मनगट वळव. उभे चार सांधे, तळाचे चार. ओल्या बोटानं धार बसवली, साय धरायच्या आत पट्टी काढली. घरभर व्हिनेगरचा वास.

त्यांनी बॅटरी मारून एकेक सांधा पाहिला. शेवटी म्हणाले, "हं."

नवरा म्हणतो, त्याला चाळीस वर्षांत असले दोनच 'हं' मिळालेत.

१६ फेब्रुवारी
आठवडाभर बोट लावायचं नाही. बोट लावायला येणाऱ्या नवऱ्याला हाकलणे — हे सासऱ्यांचं सध्याचं काम. मनापासून करतात. आज जेवायलाही खोलीबाहेर आले, आमच्याबरोबर बसले.

२० फेब्रुवारी
टँकखाली वर्तमानपत्रं पसरली. आधी पाव टँक, मग अर्धा, मग काठोकाठ. सासरे गुडघ्यांवर बसून कागद चाचपत गोल फिरले. नको म्हटलं तरी ऐकतात कुठे! उठवायला दोघं लागलो.

रात्रभर तसाच ठेवायचा.

२१ फेब्रुवारी
कोरडा! कागद ठणठणीत कोरडा! सासऱ्यांनी तो घडी घालून चक्क वाचायला घेतला.

२३ फेब्रुवारी
शेठ स्वगृही. आधी तोंड फिरवून बसले, मग खाणं दिसल्यावर विरघळले.

भांडं सात वेळा घासलं. तरी आज केक कपात फेटला!

२६ फेब्रुवारी
शेठचं खाणं जिथून आणतो त्या दुकानदाराचा फोन, नवऱ्यानं त्याला टँकचं सांगितलेलं. त्याच्या एका गिऱ्हाइकाचा टँक गळतोय. फोन सासऱ्यांनी उचलला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते.

"होईल की. माझा हात आता चालत नाही. काम माझी कारागीर करते. थांबा, तिला विचारतो."

मग तळव्यानं फोन झाकून माझ्याकडे आले. "पाच फुटी आहे. घ्यायचा का?"